‘संग्राह्य’ म्हणजे नेमके काय?
शाळेसाठी विज्ञानाची पुस्तके पारखताना

मराठीत विज्ञानाच्या पुस्तकाचे परीक्षण वाचायला घेतले की त्याचे शेवटचे वाक्य बहुधा आधीच सांगता येते. ‘प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असायलाच हवे असे हे संग्राह्य पुस्तक आहे.’ त्याआधी छपाई सुबक असल्याचे, मुखपृष्ठ आकर्षक असल्याचे आणि क्लिष्ट विषय सोप्या, ओघवत्या भाषेत मांडल्याचे सांगितलेले असते. प्रकरणांची नावे क्रमाने दिलेली असतात. एखाददुसरा मुद्रणदोष दाखवून ‘पुढील आवृत्तीत तो दूर होईल’ अशी आशा व्यक्त केलेली असते. मात्र पुस्तकात विज्ञान बरोबर आहे का, या प्रश्नाचे उत्तर शोधूनही सापडत नाही.

हे परीक्षण वाचून पुस्तके घेणारा वाचक कोण असतो? बऱ्याचदा तो एखाद्या शाळेचा विज्ञान शिक्षक असतो. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असते आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या थोड्या रकमेत त्याला पुस्तके बसवायची असतात. किंवा तो गावच्या ‘क’ वा ‘ड’ वर्गातील सार्वजनिक वाचनालयाचा कार्यकर्ता असतो. मार्चअखेर अनुदान खर्ची टाकायचे म्हणून विक्रेत्याने पुढे केलेल्या यादीवर तो खुणा करतो. एकदा कपाटात गेलेले पुस्तक तेथे वीस-वीस वर्षे राहते. त्यातली एखादी चूक प्रत्येक वर्षी नव्या मुलांकडे जाते आणि छापील असल्यामुळे शिक्षकाच्या शब्दापेक्षाही ती खरी ठरते. परीक्षण आणि निवड ही दोन्ही कामे म्हणून जबाबदारीची आहेत.

न वाचता दिलेले गुण

ही काही केवळ मराठीची व्यथा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळांसाठी पाठ्यपुस्तके निवडणाऱ्या आयोगावर १९६४ साली रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ काम करीत होते. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या अनुभवाची हकीकत त्यांनी आपल्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सांगितली आहे. आलेली सारी पुस्तके त्यांनी स्वतः वाचली. इतर सदस्यांपैकी काहींनी ती वाचायला दुसऱ्यांकडे दिली आणि त्यांच्या अभिप्रायांवरून गुण ठरवले. एका संचातील तिसरे पुस्तक प्रकाशकाकडे वेळेत तयार नव्हते. त्याने नमुना म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये कोरी पाने बांधून पाठवली. गुणांचा तक्ता पाहिला तेव्हा या कोऱ्या पुस्तकालाही गुण मिळालेले होते आणि ते संचातील उरलेल्या दोन पुस्तकांपेक्षा किंचित जास्तच होते!

ही गोष्ट वाचून हसू येते, पण कोरी पाने निदान चुकीचे काही शिकवत नाहीत. छापलेल्या पानांवर फाइनमन यांना जे आढळले ते अधिक चिंतेचे होते. एका गणिताच्या पुस्तकात ताऱ्यांचे रंग आणि त्यांची तापमाने दिली होती. पुढे उदाहरण होते ते असे की, एक मुलगा आणि त्याचे वडील यांनी पाहिलेल्या ताऱ्यांच्या तापमानांची बेरीज करा. दोन ताऱ्यांच्या तापमानांची बेरीज कोणीही, कशासाठीही करीत नाही. त्या बेरजेला काही अर्थच नसतो. शिवाय त्या यादीत हिरवे आणि जांभळे तारेही होते आणि असे तारे नसतात. बेरजेचा सराव व्हावा म्हणून विज्ञानाचा केवळ मुलामा दिलेला होता.

दुसरे उदाहरण प्राथमिक वर्गाच्या विज्ञानाच्या पुस्तकातले. त्यात चावीचे खेळणे, खरा कुत्रा आणि मोटरसायकल अशी चित्रे होती. प्रत्येकाखाली प्रश्न होता की हे कशामुळे चालते? अपेक्षित उत्तर एकच होते, ‘ऊर्जेमुळे’. फाइनमन यांचा आक्षेप असा होता की या उत्तराने मुलाला काहीच कळत नाही. ‘ऊर्जा’ या शब्दाऐवजी दुसरा कोणताही निरर्थक शब्द घातला तरी वाक्य तसेच राहते. त्यापेक्षा खेळणे उघडून आतली स्प्रिंग आणि दातेरी चाके पाहू दिली असती तर मूल काही शिकले असते. १९६६ साली विज्ञान शिक्षकांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी यावर एक साधी कसोटी सांगितली. नवा शब्द न वापरता, शिकलेली गोष्ट मुलाला आपल्या भाषेत सांगता येते का, ते पाहा. पुस्तक निवडताना हीच कसोटी आपल्याला लावता येते. पान मिटावे, त्यातला पारिभाषिक शब्द बाजूला ठेवावा आणि काय कळले ते सांगून पाहावे.

पेल्याखालची मेणबत्ती

आता आपल्या कपाटातले कोणतेही ‘सोपे प्रयोग’ छापाचे पुस्तक काढू या. त्यात मेणबत्तीचा प्रयोग बहुधा असतोच. ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. पुढे स्पष्टीकरण असते ते असे की, मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो म्हणून पाणीही पेल्याच्या एक-पंचमांश उंचीपर्यंत चढते.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे बरोबर आहे. पाणी चढते हेही बरोबर आहे. मधली कारणमीमांसा मात्र चुकीची आहे आणि ती चुकीची असल्याचे त्याच ताटलीत दिसू शकते. मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू चढत जायला हवे होते. प्रत्यक्षात ते ज्योत विझत असताना आणि विझल्यानंतर झपाट्याने चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक वर चढते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता. नीट पाहिले तर पेला टेकवल्यावर त्याच्या कडेने हवेचे बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात.

यावरून खरे कारण उलगडते. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बाहेर जातो. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. शिवाय ऑक्सिजन वापरला गेला तरी त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेण जळताना वापरल्या गेलेल्या दर तीन घनफळ ऑक्सिजनमागे साधारण दोन घनफळ कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि एवढ्या थोड्या वेळात तो पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यातही पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी मेणबत्ती विझते. हवेतील त्याचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आले की ज्योत टिकत नाही.

ऑक्सिजनचे प्रमाण खरोखरच मोजून दाखवायचे असेल तर साध्या लोखंडाचा बारीक कीस (स्टेनलेस स्टीलचा नव्हे) ओला करून परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवावा आणि नळी पाण्यात उपडी उभी करावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते आणि त्याच्या बदल्यात दुसरा वायू सोडत नाही. एक-दोन दिवसांत पाणी नळीच्या सुमारे एक-पंचमांश उंचीपर्यंत चढून थांबते.

हे इतके सविस्तर सांगितले त्याला कारण आहे. पुस्तकातल्या चुका सारख्याच तोलाच्या नसतात. शनीच्या उपग्रहांची संख्या चुकली तर ती एका रेघेने दुरुस्त होते. पण चुकीचे कारण सांगून त्यावर ‘प्रयोगाने सिद्ध झाले’ असा शिक्का मारला, तर मुलाच्या मनात प्रयोगाचा अर्थच बिघडतो. उत्तर आधी ठरलेले असते आणि प्रयोग हा त्याला होकार देण्याचा सोपस्कार असतो, असे ते शिकते. तीन मेणबत्त्या लावून पाहण्याची सूचना ज्या पुस्तकात असेल, ते साध्या कागदावर छापलेले असले तरी घ्यावे.

आपले आकाश, दुसऱ्यांचे पुस्तक

इंग्रजीवरून रूपांतरित केलेल्या देखण्या, रंगीत पुस्तकांची निवड करताना आणखी एक पारख लागते. त्यांतले विज्ञान चुकीचे नसते, पण ते दुसऱ्या अक्षांशावरचे असते.

ब्रिटनमध्ये तयार झालेल्या पुस्तकात दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो आणि तो कधीच डोक्यावर येत नाही. तिथे ते खरेच आहे. महाराष्ट्र मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या आरंभी सावंतवाडीकडे येतो आणि महिनाअखेरीस नंदुरबारकडे पोचतो. त्यानंतर काही आठवडे, सूर्य परत डोक्यावर येईपर्यंत, मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. हे लक्षात आलेले शिक्षकही थोडेच भेटतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत ते नसते.

चंद्रकोरीचेही तसेच आहे. युरोपातल्या चित्रांत कोर उभी असते. आपल्याकडे संध्याकाळच्या आकाशात ती बऱ्याचदा होडीसारखी आडवी दिसते. ध्रुवतारा लंडनच्या क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो, कोल्हापुरात जेमतेम १७ अंशांवर आणि नागपुरात २१ अंशांवर. पुस्तकातले चित्र पाहून मूल आकाशात फार वर शोधत राहिले तर त्याला तो सापडत नाही. त्यातून ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा आहे असेही पुस्तकात छापलेले असेल तर शोध संपलाच! तेजस्वितेत ध्रुवाच्या पुढे चाळीसहून अधिक तारे आहेत.

ऋतूंच्या प्रकरणाची परीक्षा घ्यायला तर एकच प्रश्न पुरतो. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते असे पुस्तक सुचवते का? पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. त्या वेळी निफाडला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. लांबट लंबवर्तुळ काढून त्याच्या टोकांवर ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’ असे लिहिलेली आकृती शब्दांत न सांगताही हीच चूक शिकवते. म्हणून आकृत्याही मजकुराइतक्याच काळजीने वाचल्या पाहिजेत.

माहितीचे गाठोडे

सध्या शाळांत सर्वाधिक खपणारी पुस्तके म्हणजे ‘एक हजार प्रश्नोत्तरे’ प्रकारची. स्पर्धापरीक्षांसाठी ती उपयोगी पडतात हे मान्य केले पाहिजे. पण विज्ञानाचे कपाट त्यांनीच भरले तर ‘हे कसे कळले?’ हा प्रश्न मुलांच्या वाचनातून हद्दपार होतो.

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, ही माहिती एका ओळीत संपते. तेच एखादे पुस्तक एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील सायीन या गावी सूर्य डोक्यावर असताना उत्तरेकडील अलेक्झांड्रियात काठीची सावली पडत होती. त्या सावलीचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. म्हणजे दोन गावांमधल्या अंतराची पन्नासपट हा पृथ्वीचा परीघ! सायीनला घडले तो शून्य सावलीचाच दिवस. सावंतवाडी आणि धुळे ही आपली गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत आणि त्यांच्या अक्षांशांत सुमारे ५ अंशांचा फरक आहे. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच दिवशी मध्यान्हीच्या सावल्या मोजून एकमेकांना कळवल्या तर हाच हिशेब मुलांना स्वतः करता येईल. पहिल्या पुस्तकातून एक आकडा मिळतो, दुसऱ्यातून तो आकडा तपासण्याची रीत मिळते.

भाषेचेही तेच. ‘सोपी भाषा’ म्हणून ज्या पुस्तकाची स्तुती होते त्यात ‘शक्ती’ हा एकच शब्द बल, ऊर्जा आणि शक्ती या तिन्ही राशींसाठी वापरलेला आढळतो. वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान यांचीही अशीच सरमिसळ होते. कोळी हा कीटक ठरतो, वास्तविक त्याला आठ पाय असतात आणि कीटकाला सहा. घरात बोलताना हे चालून जाते. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द हवेत, आणि ते पहिल्यांदा येतील तिथे उदाहरणाने उलगडलेले हवेत. अवघड शब्द टाळण्यापेक्षा तो नीट समजावण्याला ‘सोपी भाषा’ म्हणायला हवे.

जुने म्हणजे टाकाऊ का?

निवडीची दुसरी बाजू म्हणजे कपाटातून काय काढायचे. प्रकाशनाचे साल पाहून जुनी पुस्तके बाद करण्याची पद्धत सोपी आहे, पण ती पुरेशी नाही. २००६ सालापूर्वीच्या पुस्तकात प्लूटो हा नववा ग्रह असणार. २०१९ सालापूर्वीच्या पुस्तकात किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून केलेली असणार. तेवढ्यासाठी चांगले पुस्तक रद्दीत घालू नये. त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी. ती मुलांकडूनच लिहून घेतली तर उत्तमच. ज्ञान कसे बदलते याचा तो धडाच होईल.

याचे मोठे उदाहरण म्हणजे मायकेल फॅरडे यांचे मेणबत्तीवरचे पुस्तक. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली ही सहा व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तरीही ते आज वाचनीय आहे, कारण फॅरडे प्रत्येक विधानामागे काहीतरी करून दाखवतात. मेण घनरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते, असे नुसते न सांगता ते ज्योतीच्या काळसर मध्यभागात काचेची नळी धरतात, तिच्यातून ती वाफ बाहेर आणतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवतात.

स्वतः फॅरडे घडले तेही अशाच एका पुस्तकामुळे. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधणीला आलेल्या पुस्तकांतून त्याच्या हाती जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक पडले. १८०६ साली निघालेल्या त्या पुस्तकावर लेखिकेचे नावही नव्हते. त्यातली विधाने फॅरडेने आपल्या ऐपतीप्रमाणे छोटे प्रयोग करून तपासली, ती खरी निघाली आणि त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. हे त्याने पुढे उतारवयात कृतज्ञतेने नमूद केले आहे. पुस्तक तपासता येण्याजोगे होते म्हणून हे घडले.

काही जुनी पुस्तके मात्र चिठ्ठी न लावता लगेच कपाटातून काढावीत. काजळी धरलेल्या काचेतून किंवा क्ष-किरणांच्या जुन्या फिल्ममधून सूर्यग्रहण पाहायला सांगणारे पुस्तक डोळ्यांना कायमची इजा करू शकते. पारा हातात घेऊन खेळायला किंवा ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापायला सांगणाऱ्या पुस्तकांचेही तसेच. लेखक कितीही मान्यवर असला तरी येथे सवलत नको.

परीक्षणाकडून अपेक्षा

अमेरिकेतील विज्ञानप्रसारक संस्थेने, ‘ट्रिपल ए एस’ने, १९६५ साली केवळ विज्ञानाच्या पुस्तकांच्या परीक्षणासाठी एक त्रैमासिक सुरू केले. त्यात परीक्षण त्या त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेतले जाई, पुस्तक कोणत्या वयासाठी आहे ते सांगितले जाई आणि शिफारस करण्याजोगे नसलेल्या पुस्तकाबद्दल तसे स्पष्ट छापले जाई. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे सर्वांत कठीण आहे. मराठीत विज्ञान लिहिणारे मुळातच थोडे, त्यांना नाउमेद कशाला करायचे, असा विचार त्यामागे असतो. त्यात तथ्य आहे. पण चूक दाखवल्याने लेखकाचे जेवढे नुकसान होते त्याहून ती न दाखवल्याने वाचणाऱ्या मुलांचे अधिक होते. चूक पृष्ठक्रमांकासह आणि कारणासह दाखवली तर चांगला लेखक पुढच्या आवृत्तीत ती सुधारतो. मोघम स्तुतीतून सुधारण्यासाठी त्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून परीक्षणात निदान पुढील प्रश्नांची उत्तरे असावीत. परीक्षकाने पुस्तकातला एक तरी प्रयोग स्वतः करून पाहिला का आणि तो जमला का? पुस्तक ‘हे कसे कळले’ ते सांगते का? आकृत्या बरोबर आहेत का आणि त्या आपल्या परिसराशी जुळतात का? पारिभाषिक शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच अर्थाने आले आहेत का? शेवटी सूची आहे का? आणि हे पुस्तक कितवीच्या मुलाने एकट्याने वाचावे, कितवीच्या वर्गात शिक्षकाने सोबत घेऊन वाचावे?

पुस्तक विकत घेण्यापूर्वी सगळे वाचायला सवड मिळत नाही ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तेव्हा निदान तीन पाने उघडावीत. ऋतूंचे पान, मेणबत्तीचे पान आणि स्वतःला उत्तम येतो अशा एखाद्या विषयाचे पान. शेतीची चांगली माहिती असलेल्या शिक्षकाने मातीचे प्रकरण उघडावे, पक्षी पाहणाऱ्याने पक्ष्यांचे. जे आपल्याला नीट ठाऊक आहे त्यात लेखक चुकत असेल, तर जे ठाऊक नाही त्यात त्याच्यावर किती विसंबायचे, ते सहज ठरवता येते.

आणि पुस्तक वाचून झाले की अर्ध्या पानाची नोंद लिहून ती मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवावी. कोणता प्रयोग जमला, कोणता जमला नाही, कोणत्या पानावर काय चुकले, मुलांनी काय विचारले. पुढच्या वर्षी कपाटाची किल्ली दुसऱ्या शिक्षकाकडे गेली तर त्याला ‘संग्राह्य’ या शब्दापेक्षा या अर्ध्या पानाचा अधिक उपयोग होईल.